जांभळी पट्टी

रॉकी कोव्ह कॅनरी, कोडिएक बेट, अलास्का
१९ मे २०१२

प्रिय लोरेटा हिस, स. न. वि. वि.

कंजूष तर कंजूष. पण वर 'ज्या धाकट्या भावाला चार वर्षांचा असल्यापासून मी वाढवला तो आता चोवीस डॉलरसाठी माझ्याशी घासाघीस करतो' असं जे लिहिलंस ना, ते मी माशांच्या टेबलाशी उभा राहून वाचलं आणि शेजारच्याने विचारलं की घरी कोणी गेलं का. इतकं तोंड उतरलं माझं. अगं, टॉलीडोवाले बावीस घेतात आणि मेम्फिसवाले शेहेचाळीस. काम दोघांचं एकच. जुनं मासिक तपासायचं, दहापैकी नंबर द्यायचा, कडक प्लास्टिकच्या पेटीत बंद करून परत पाठवायचं. मग दुप्पट का द्यायचे, एवढंच मी विचारलं होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात तू पोरांना बटाटे मोजून वाढतेस, तेव्हा तुला कोणी कंजूष म्हणतं का?

आपल्या कर्टिसचे 'ग्रिम लँटर्न' या भयकथांच्या मासिकाचे अंक बाबांना तपासून घ्यायचेत, त्याला माझी ना नाही. तो गेल्यापासून चार वर्षं ते खोके त्याच्या खाटेखाली आहेत आणि तू कुणाला हात लावू दिला नाहीस. आता बाबांनी स्वतःच ओढून काढले तर बरंच झालं. पण मेम्फिस कशाला? इथे कॅनरीत मासे डब्यांत भरायच्या यंत्राचा मिस्त्री आहे, फिच नावाचा. त्याच्याकडे मोटरसायकलींची जुनी मासिकं आहेत आणि त्यातली नऊ त्याने अशी पेटीबंद करून घेतलीत. तो म्हणतो मेम्फिसवाले म्हणजे सासू. पान न् पान उलटतात, पिना मोजतात, दिव्याखाली धरतात, आणि दहा आठवडे लावतात. टॉलीडोवाली माणसं भली. वरून बघतात, बरा नंबर देतात, दोन आठवड्यांत पेटी घरी. बाबांचं हृदय हे असं, त्यांना दहा आठवडे ताटकळत का ठेवायचं?

आणि सतरावा अंक पाठवू नका. ते काळं कव्हर मला कधीच आवडलं नाही. चोविसावा पाठवा, तो हिरव्या दलदलीचा. दिसायला कितीतरी चांगला आहे.

रागावलीस तरी खुशाली कळवत जा. इथे खायला रोज मासाच असतो, त्यामुळे तुझ्या रुबार्बच्या गोड 'पाय'ची आठवण येते. आहे तेवढी माया तरी कमी करू नकोस.

तुझा,
ड्वेन


लिंडेल, आयोवा
२ जून २०१२

चि. ड्वेन यास लोरेटाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. कंजूष हा शब्द मागे घेते. हट्टी हा ठेवते.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. टॉलीडोवाले बरा नंबर देतात या वाक्याशी त्यांनी मला थांबवलं आणि परत वाच म्हणाले. मग म्हणाले, बरा नंबर नकोय मला, खरा हवाय. मी म्हटलं, बाबा, एक मासिक तर आहे, त्याला काय इतकं. तर त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. 

मग त्यांनी सांगितलं ते तुला जसंच्या तसं लिहिते. मर्ल स्टकी अजून दर शनिवारी दुकानात येतो. आता केस कापायला कोणी येत नाही, बाबांचे हात थरथरतात. पण शनिवारी दुकान उघडतं, कॉफी होते, डोनट येतात आणि चार म्हातारे खुर्च्या अडवून बसतात. मर्ल त्यातलाच एक. धान्याच्या कोठारावर तोच कर्टिसचा मुकादम होता, आणि कर्टिस कमरेला दोर न बांधता आत उतरला आणि धान्यात गाडला गेला, चूक त्याच्या हलगर्जीपणाची, या कागदावर सही त्याचीच आहे. बाबांनी त्यावरून त्याच्याशी एकदाही भांडण केलं नाही. त्याच्या कपात कॉफी ओततात. पण मला म्हणाले की जो पोरगा मासिकाचं पान उलटायच्या आधी साबणाने हात धुऊन पावडर लावायचा, तो दोर असताना दोर न बांधता उतरेल? हे मी सांगून कोण ऐकणार? मी तर बाप. म्हणून ज्याला कर्टिस कोण ते माहीत नाही, माझी भीड नाही, असा परका माणूस मला हवा. त्याने नुसतं लिहून द्यावं की ही वस्तू ज्याच्याकडे होती त्याने ती सांभाळली होती. आणि तो माणूस असा हवा की त्याच्या नंबरावर मर्लला बोट ठेवता येऊ नये.

म्हणून मेम्फिस. आणि म्हणून सतरावाच. बाबा म्हणतात काळ्या कव्हरवर नखाचा ओरखडासुद्धा पांढरा दिसतो. हिरव्या दलदलीत काहीही लपतं. चाळीस वर्षांचं काळं कव्हर अजून तसंच काळं आहे, हे दाखवण्यासारखं दुसरं काही आपल्याकडे नाही.

आता तरी कळलं का? तू तुझ्या अंगात तो जाड स्वेटर घालतोस की नाही ते लिहीत नाहीस. जीव लावत राहा, दूर आहेस म्हणून सोडू नकोस.

तुझी,
लोरेटा


रॉकी कोव्ह
१४ जून २०१२

प्रिय लोरेटा हिस, स. न. वि. वि.

कळलं. स्वेटर घालतो. त्याला आता माशाचा असा वास आहे की तू तो घराबाहेरच जाळशील.

बाबांचं म्हणणं मी तीनदा वाचलं. मर्ल स्टकीचं नाव वाचलं की माझी सुरीवरची मूठ घट्ट होते. पण नंबर देणं म्हणजे काय असतं ते मला विचार. मी दहावी सोडली, पण नंबर द्यायला शिकलो. मासा पट्ट्यावरून येतो, डाव्या हाताने शेपटी धरायची, उजव्या अंगठ्याने पोट दाबायचं, खवले बघायचे आणि ढकलायचा. पहिला, दुसरा, कुत्र्यामांजरांचा. मिनिटाला वीस. त्यात एखादा चांगला मासा चुकून कुत्र्याच्या डब्यात जातो आणि एखादा वाईट पहिल्यात. इथे माशांच्या अंड्यांची तपासणी करायला जपानहून ओनोदेरा म्हणून गृहस्थ आलेत. ते काही बोलत नाहीत. मी पहिल्यात टाकलेला मासा उचलतात, उलटा करतात आणि खालच्या बाजूला ओढायच्या आकड्याची जखम असते ती मला दाखवतात. मग माझ्याकडे नुसते बघतात. शिव्या परवडल्या, लोरेटा.

सांगायचं काय, की उलटं करून बघणारी माणसं फार कठोर असतात. कर्टिसला असल्या परीक्षेला का बसवायचं? समजा काही निघालं, कागदाचा भरवसा काय, तर बाबांना ते सोसेल का? मर्लसमोर? टॉलीडोला पाठव ना. नंबर चांगला येईल, बाबा खूश होतील, मर्लला काय कळतंय टॉलीडो आणि मेम्फिसमधलं. आणि मेम्फिसच करायचं असेल तर चोविसावा पाठव. फी मी देतो. तू म्हणशील तर दोन्हीकडची देतो, म्हणजे कंजूष म्हणायची सोय उरणार नाही. पण सतरावा नको. माझं एवढं एक ऐक.

बाबांना माझा नमस्कार. पाठ थोपटायला मी जवळ नाही, तेवढं तू कर. ओढ असू दे.

तुझा,
ड्वेन


लिंडेल
२९ जून २०१२

चि. ड्वेन यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच सतरावा अंक मेम्फिसला गेला. तेव्हा आता भांडू नकोस.

बाबांनी स्वतः बांधला. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, वर दुकानातला धुतलेला टॉवेल, मग खोका. टपाल कचेरीतल्या बाईला तीनदा बजावलं की हा उन्हात ठेवू नका. ती म्हणाली, ऑरिन, आत बाळ आहे का? बाबा म्हणाले, होय. मग मीच पुढे होऊन पावती घेतली. दहा आठवडे थांबायला नको म्हणून लवकरची फी भरली, महिन्याच्या आत परत येईल.

तू 'काही निघालं तर' असं लिहिलंस ते मी बाबांना वाचून दाखवलं नाही. तुला कर्टिसचा भरवसा नाही का? तू त्याच्या मातीलाही थांबला नाहीस, चर्चमधून परस्पर बस पकडलीस, ते मी कधी काढत नाही. आज काढते, कारण तू दर पत्रात त्याला कमी नंबर मिळेल असंच धरून चालतोस.

असो. बाबांनी शनिवारच्या मंडळींना सांगून ठेवलंय की पार्सल दुकानातच उघडायचं. मर्ल म्हणाला डोनट माझ्यातर्फे. बाबांनी दुकानाची काच पुसली. किती महिन्यांनी ते स्टुलावर चढले माहीत आहे? मी ओरडले तर म्हणाले, उतरव मग. दोघेही हसलो. या घरात हसणं झालं म्हणून तुला कळवते.

मका कमरेपर्यंत आलाय. तुझी वाट बघायची सवय मोडत नाही, ती मोडू नये असंच वाग.

तुझी,
लोरेटा


रॉकी कोव्ह
१० जुलै २०१२

प्रिय लोरेटा, स. न. वि. वि.

घाईत लिहितो. मासे इतके आलेत की सोळा तास उभे आहोत. टपालाचं विमान धुक्यामुळे चार दिवस आलं नव्हतं, आज आलं, अर्ध्या तासात परत जाईल.

पार्सल आलं की आधी तू एकटीने उघड. दुकानात नको, शनिवारी नको. स्वयंपाकघरात उघड आणि पेटीवरच्या पट्टीचा रंग बघ. फिच म्हणतो निळी असली तर चांगलं. दुसरी कोणती असली तर बाबांना सांग की टपालात हरवलं. कारण विचारू नकोस. मी कर्टिसला कमी लेखत नाही गं. कर्टिसला मी कधीच कमी लेखलं नाही.

पायलट बोलावतोय. माझ्यावर राग धर, पण हे कर.

ड्वेन


लिंडेल
३१ जुलै २०१२

ड्वेन यास आशीर्वाद.

तुझं दहा जुलैचं पत्र काल मिळालं. पार्सल शनिवारी उघडलं.

पेटी सुंदर आहे. काचेसारखी. बाबांनी ती दोन्ही हातांत धरली आणि अंगठा कव्हरवरून फिरवायला गेले, तर अंगठा प्लास्टिकवर घसरला. त्यांना अक्षर दिसेना म्हणून शनिवारच्या मंडळींतल्या एमस टिबेट्सने वर लिहिलेलं मोठ्याने वाचलं. साडेआठ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, चाळीस वर्षांच्या कागदाला साडेआठ म्हणजे थोडं नाही असं एमस म्हणाला. बाबांचा चेहरा तू बघायला हवा होतास. मग एमसने खालची ओळ वाचली. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. अंकाच्या पाठीवरच्या घडीला काळा रंग लावलेला आहे, शाई कव्हरच्या आतल्या बाजूला उतरली आहे, असं लिहिलंय. पट्टी जांभळी आहे. जांभळी म्हणजे मागाहून कोणीतरी हात फिरवून दोष झाकलेला.

मर्ल ओरडला असता, कुत्सित हसला असता तर मला बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, जाऊ दे ऑरिन, पोरंच ती, झाकपाक करायचीच. आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. बाबांनी तो ठेवू दिला. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण म्हणाले, कॉफी थंड होतेय.

त्या दिवसापासून त्यांनी दुकानाची किल्ली खुंटीवर टांगलीय. श्वास लागतो. डॉक्टर म्हणतात इस्पितळात आणा, ते म्हणतात बघू.

आता कारण विचारते. तुला काय माहीत होतं?

लोरेटा


रॉकी कोव्ह
९ ऑगस्ट २०१२

प्रिय लोरेटा, स. न. वि. वि.

हे पत्र बाबांना वाचून दाखव. पूर्ण दाखव, मधलं गाळू नकोस.

तो रंग मी लावला. मी दहा वर्षांचा होतो, कर्टिस सतराचा. तो शाळेच्या संघाबरोबर गेला होता आणि मी त्याचा खोका उघडला. मला काही वाचायचं नव्हतं, मला वाचायला कुठे आवडायचं. चंद्राखालचा तो काळा माणूस बघायचा होता. अंक खाटेवर उघडा ठेवला आणि तुझी गाडी वाजली म्हणून उठायला गेलो तो त्यावरच गुडघा टेकला. अंकाच्या पाठीवर बोटभर पांढरी रेघ उमटली. काळ्यावर पांढरी. मी थुंकीने पुसली, ती आणखी पांढरी झाली. मग दुकानात धावलो आणि ज्या मार्करने बाबा धोब्याकडच्या टॉवेलांवर नंबर घालायचे तो आणला. इतकं बेमालूम जमलं की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी कर्टिसने तो अंक बाहेर काढला. मी दारातून बघत होतो. त्याने तो खिडकीशी नेला, तिरपा धरला, बराच वेळ बघितला. मग पिशवीत घालून ठेवून दिला. मला वाटलं, फसला. पण त्यानंतर मी कधी अंक मागितला की तो आधी टेबलावर स्वच्छ टॉवेल अंथरायचा, माझे हात बघायचा, आणि मगच द्यायचा. नाही असं एकदाही म्हणाला नाही. ते मला कळलं तो गेल्यावर. चर्चमध्ये त्याची शवपेटी पुढे होती, बाबा लोकांना सांगत होते की माझा कर्टिस वस्तू किती जपायचा, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती रेघ. म्हणून बस पकडली. तुला वाटलं मला दुःख झालं नाही.

या उन्हाळ्यात सांगायला तीन पत्रं मिळाली आणि त्यांत मी फीच्या आणि पट्टीच्या रंगाच्या गप्पा मारल्या. ऑफिसात फोन आहे. दोनदा रांगेत उभा राहिलो आणि नंबर आल्यावर मागच्याला पुढे सोडलं.

बाबांना सांग, मेम्फिसवाल्यांनी खरं लिहिलंय, पण माणूस चुकीचा धरला गेला. कर्टिसचा हात स्वच्छ होता. काळा हात माझा होता. शक्य असेल तर दोन ओळी त्यांच्याकडून लिहून घे, शिव्या असल्या तरी चालतील.

ड्वेन


लिंडेल
२४ ऑगस्ट २०१२

चि. ड्वेन यास लोरेटाचे अनेक आशीर्वाद.

कॅनरीच्या ऑफिसात मी दिलेला निरोप तुला मिळाला असं त्या मॅनेजरने सांगितलं, आणि धुक्याने विमान नव्हतं हेही. तू आला नाहीस याबद्दल माझ्या मनात काही नाही. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

बाबा तेरा तारखेला सकाळी गेले. त्रास फार झाला नाही. तुझं पत्र सतराला आलं, मातीच्या दुसऱ्या दिवशी. सगळी मंडळी कॅसरोलची भांडी घेऊन आली होती, फ्रिजमध्ये जागा उरली नव्हती, आणि मी ते मागच्या पायरीवर बसून वाचलं. वाचून दाखवायला कोणी नव्हतं. पण, ड्वेन, दाखवायची गरजही नव्हती.

बारा तारखेला दुपारी इस्पितळात मी त्यांची दाढी करत होते. त्यांना दाढी वाढलेली चालायची नाही, आणि माझा हात धरून ते कसा वस्तरा धरायचा ते सांगत होते. मध्येच म्हणाले, तो मार्कर माझा होता. मला कळेना. म्हणाले, टॉवेलांचा मार्कर. एकदा त्याचं टोपण सापडेना, आणि धाकट्याची बोटं आठवडाभर काळी होती. मी विचारलं नाही. मला वाटलं भिंतीवर काही काढलं असेल, पोर आहे. एमसने ती ओळ वाचली तेव्हा एकदम ती बोटं डोळ्यांसमोर आली.

मी वस्तरा खाली ठेवला. म्हटलं, मग बोलला का नाहीत? मर्लसमोर कर्टिसचं नाव खराब होऊ दिलंत, ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्याचंच? म्हणाले, तोंडावर आलं होतं. पण कर्टिस आता काही ऐकत नाही. ड्वेनला या गावात परत यायचंय. मी त्या चौघांत त्याचं नाव घेतलं असतं तर तासाभरात गावभर झालं असतं, आणि तो आधीच इतका लांब पळालाय. त्याला दुकानाच्या दारातून आत येता यायला हवं. मग म्हणाले, हनुवटीखालचं राहिलंय.

मी ते केलं. तेवढंच त्यांचं शेवटचं नीट बोलणं.

पेटी माझ्याजवळ आहे. दुकानाची किल्लीही. मर्ल खांदा द्यायला आला होता आणि रडला, ते मी स्वतः बघितलं. काय करायचं ते मला सुचत नाही. तू मोठा नाहीस, पण आता विचारायला तूच आहेस.

आता या घरात दोघंच. तेव्हा जपून राहा.

तुझी,
लोरेटा


रॉकी कोव्ह
५ सप्टेंबर २०१२

प्रिय लोरेटा हिस, स. न. वि. वि.

तुझं पत्र मिळून चार दिवस झाले. पहिल्या दिवशी मी टेबलाशी उभा होतो आणि पट्ट्यावरून मासे तसेच जात राहिले, मला एकाचाही नंबर देता येईना. ओनोदेरांनी येऊन माझी सुरी काढून घेतली आणि स्वतः माझ्या जागी उभे राहिले. पाळी संपेपर्यंत उभे होते, त्या वयात.

काय करायचं ते विचारलंस. कर्टिस गप्प राहिला, बाबा गप्प राहिले, दोघेही माझ्यापायी. आता माझ्या वतीने आणखी कोणी गप्प बसायचं नाही. शनिवारी दुकान उघड. खुंटीवरची किल्ली काढ, कॉफी ठेव, डोनट तू आण, मर्लचे घेऊ नकोस. एमस, मर्ल, जे येतील ते सगळे बसले की माझं नऊ ऑगस्टचं पत्र वाच. गुडघा, थुंकी, मार्कर, सगळं. एमसला वाचायला दे हवं तर, जांभळी पट्टी त्यानेच वाचली होती. मर्लला दोराचं काही विचारू नकोस. तो ऐकेल आणि घरी जाऊन त्याला जे आठवायचं ते आठवेल. त्याच्यावर आपण आता कागद लिहायचा नाही.

ती पेटी फोडू नकोस आणि विकू नकोस. आरशाखाली वस्तरे असायचे त्या फळीवर ठेव, पट्टी पुढे करून. माझी आहे ती. मोसम वीस तारखेला संपतो, पहिल्या विमानाने निघतो. बाबांना वाटलं होतं की नाव निघालं तर मला त्या दारातून येता येणार नाही. येईन. सगळ्यांना माहीत असलेल्या दारातून येईन, आणि त्या फळीसमोरच्या खुर्चीत बसेन. केस वाढलेत. कापायला कोणी नाही, तरी बसेन.

मला रागव, टोमणे मार, बटाटे मोजून वाढ, पण मला आपला म्हण.

तुझा,
ड्वेन

ता. क. हिरव्या दलदलीचा चोविसावा अंक मेम्फिसला पाठव. टॉलीडो नाही. पहिल्या पत्रात मी तोच पाठव म्हणत होतो, कारण त्याला कर्टिसशिवाय कोणाचा हात लागलेला नाही हे मला माहीत होतं. ते दिव्याखाली धरोत, उलटा करून बघोत, जो नंबर येईल तो येईल. लवकरची फी भरू नकोस, दहा आठवडे लागले तर लागू देत, आता घाई कोणाला आहे. त्यांचे शेहेचाळीस आणि टपालाचे जाऊन येऊन एकोणीस, असे पासष्ट डॉलर सोबत पाठवतो आहे.